चाप एकदा, गोळ्या अनेक

(विजयादशमीनिमित्त झालेल्या शस्त्रपूजनानंतर कार्यकर्ते व नागरिक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



थोड्या वेळापूर्वी आपण सर्वांनी शस्त्रांची पूजा केली. तलवार होती, भाला होता, आपला नित्याचा दंड होता. पूजा आटोपल्यावर प्रसाद घेताना एक तरुण स्वयंसेवक माझ्याजवळ आला. त्याने भ्रमणध्वनीवर एक चित्रफीत दाखवली. त्याचा मोठा भाऊ अमेरिकेत नोकरीला आहे. लास व्हेगास येथे सहलीला गेला असता त्याने तेथील एका नेमबाजीच्या मैदानावर पैसे मोजून सबमशीनगन चालवली, तिचे ते चित्रण होते. मुलाचे डोळे चमकत होते. तो म्हणाला, "काका, तिथला साधा नागरिक ही बंदूक घरात ठेवू शकतो. आपण मात्र दसऱ्याला गंजलेली तलवार पुजायची. हा इंग्रजांनी केलेला कायदा आपण अजून का पाळतो?"

आजचा माझा विषय दुसरा होता. पण हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटला, कारण तो एकट्या त्या मुलाचा नाही. म्हणून ठरलेले टिपण बाजूला ठेवून मी यावरच बोलणार आहे. त्याच्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. एक खरी वेदना आहे आणि एक गैरसमज आहे. गैरसमज आधी घेऊ.

सबमशीनगन म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांना पोलिसांच्या खांद्यावरील कार्बाइनमुळे किंवा स्टेनगन या शब्दामुळे ठाऊक आहे. पिस्तुलाचे लहान काडतूस वापरणारी, पण चाप दाबून धरला की गोळ्यांची सरच सोडणारी आखूड बंदूक, अशी तिची ढोबळ व्याख्या करता येईल. हे नाव रूढ केले ते अमेरिकेचे निवृत्त सेनाधिकारी जनरल जॉन थॉम्सन यांनी. पहिल्या महायुद्धात खंदकांच्या लढाईत दोन्ही बाजू अडकून पडल्या होत्या. खंदक झाडूने झाडावा तसा साफ करणारे शस्त्र सैनिकाच्या हाती द्यावे, ही त्यांची कल्पना. त्यासाठी १९१६ साली कंपनी निघाली. पण नमुने युरोपला रवाना होण्याच्या बेतात असतानाच, नोव्हेंबर १९१८ मध्ये, युद्ध संपले.

आता गिऱ्हाईक कोण? १९२१ साली कोल्ट कारखान्याकडून पंधरा हजार थॉम्सन बंदुका तयार करून घेण्यात आल्या. किंमत दोनशे डॉलरच्या घरात. त्या काळी फोर्डची नवी मोटार चारशे डॉलरच्या आत-बाहेर मिळत असे, म्हणजे अर्ध्या मोटारीच्या किमतीत एक बंदूक! सैन्याने पाठ फिरवली, पोलीस खात्यांनी थोड्याबहुत घेतल्या. मग कंपनीने नागरिकांकडे मोर्चा वळवला. तिची एक जाहिरात प्रसिद्ध आहे. कुरणाचा मालक आपल्या घराच्या ओसरीवर उभा राहून थॉम्सनने दरोडेखोरांना पळवून लावतो आहे, असे ते चित्र. जाहिरातीचा रोख मालमत्तेच्या रक्षणावर. आज त्या मुलाच्या मनात जे चित्र आहे ते शंभर वर्षांपूर्वी एका विक्रेत्याने रेखाटलेले आहे, हे लक्षात घ्यावे. माल खपत नाही तेव्हा विक्रेत्याला संरक्षणाची आठवण होते, हा आम्हा वृत्तपत्रवाल्यांचा नेहमीचा अनुभव. जाहिरातींची पाने आम्हीच तर छापतो.

त्या जाहिरातीतील कुरणमालकाने ही बंदूक फारशी घेतली नाही. आयर्लंडच्या क्रांतिकारकांनी तिला हेरले. जून १९२१ मध्ये न्यू यॉर्कसमोरच्या होबोकन बंदरात एका जहाजावर त्यांच्यासाठी चाललेल्या ४९५ थॉम्सन पकडल्या गेल्या. आणि दुसरे गिऱ्हाईक म्हणजे दारूबंदीच्या काळात गबर झालेल्या टोळ्या. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोतील एका गॅरेजमध्ये सात माणसांना भिंतीकडे तोंड करून उभे करण्यात आले आणि दोन थॉम्सनच्या फैरींनी त्यांना कापून काढले. मारेकऱ्यांपैकी काहींच्या अंगावर पोलिसांचा गणवेश होता. आपले शस्त्र कायद्याच्या बाजूचे असावे, अशी जनरल थॉम्सन यांची मनोमन इच्छा होती. वृद्धापकाळी त्यांना या कुप्रसिद्धीचे दुःख होते. त्यांच्या बंदुकीला सैन्याने हात दिला तो दुसऱ्या महायुद्धात. तेव्हा पंधरा लाखांहून अधिक थॉम्सन बनल्या. जनरल साहेब १९४० सालीच वारले.

तेव्हा अमेरिकेत काय झाले? आपल्याकडे समज असा की तेथे सारे मोकळे आहे. वस्तुतः २६ जून १९३४ रोजी तेथे राष्ट्रीय अग्निशस्त्र कायदा झाला. थेट बंदी घालण्याचा अधिकार केंद्रीय विधिमंडळाला आहे की नाही याबद्दल शंका होती, म्हणून कराचा मार्ग काढण्यात आला. प्रत्येक मशीनगनची नोंदणी आणि प्रत्येक हस्तांतरणावर दोनशे डॉलर कर. म्हणजे वस्तूच्या किमतीएवढाच कर! मूळ मसुद्यात पिस्तुले व रिव्हॉल्व्हरही होती. नेमबाजांच्या संघटनेच्या विरोधामुळे ती वगळली गेली. मशीनगनच्या बाजूने मात्र कोणी हिरिरीने उभे राहिले नाही. बंदुकीला देवघरात बसवणाऱ्या त्या समाजानेही पिस्तूल आणि मशीनगन यांच्यामध्ये रेघ ओढली.

पुढे १९ मे १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी बंदूकधारकांना सवलती देणाऱ्या विधेयकावर स्वाक्षरी केली. त्या सवलतींच्या पोटातच न्यू जर्सीच्या ह्यूजेस या प्रतिनिधींनी आवाजी मतदानाने एक दुरुस्ती घालून घेतली होती. त्या दिवसानंतर तयार झालेली एकही मशीनगन खाजगी नागरिकाच्या नावे नोंदवता येणार नाही! त्यामुळे जुन्या नोंदलेल्या, सुमारे पावणेदोन लाख बंदुकाच हातोहात फिरत राहिल्या. चांगली थॉम्सन आज पंचवीस-तीस हजार डॉलरच्या पुढे जाते. ठसे द्या, छायाचित्र द्या, चौकशीला सामोरे जा, दोनशे डॉलर भरा. तो कर आजही तेवढाच आहे. शिवाय अनेक राज्यांत तीही मुभा नाही. म्हणजे तेथील "साधा नागरिक" ती घरात ठेवत नाही. ठेवतो तो धनिक संग्राहक, आपल्याकडे कोणी जुन्या चित्रांत पैसे गुंतवतो तसा. सामान्य माणूस ती मैदानावर भाड्याने चालवतो आणि चित्रफीत काढून घरी पाठवतो.

त्या मैदानांबद्दलही एक सांगितले पाहिजे. ऑगस्ट २०१४ मध्ये, लास व्हेगासपासून फार दूर नसलेल्या ॲरिझोनातील एका मैदानावर, नऊ वर्षांच्या एका मुलीच्या हाती छोटी उझी देण्यात आली. प्रथम एकेक गोळी. ती नीट झाडली. मग शिक्षकाने कळ फिरवून बंदूक सलग माऱ्यावर ठेवली. चाप दाबताच धक्क्याने नळी वर आणि डावीकडे उसळली आणि शेजारी उभ्या असलेल्या त्या शिक्षकाच्या डोक्यात गोळी शिरली. तो माजी सैनिक होता. आई-वडील चित्रण करीत होते. त्या मुलीने काय चूक केली? काहीच नाही. तिचे बोट चापावरून निघायला जेवढा क्षण लागला तेवढ्यात यंत्राने आपले काम केले होते.

मित्रहो, माझ्या म्हणण्याचा गाभा येथे आहे. तलवारीचा प्रत्येक वार मनगटातून येतो. धनुष्याचा प्रत्येक बाण डोळा आणि श्वास यांची परवानगी घेऊन सुटतो. पिस्तुलाची, रायफलची प्रत्येक गोळी बोटाला पुन्हा एकदा विचारते. सबमशीनगन एकदाच विचारते. मिनिटाला आठशे गोळ्यांच्या गतीने ती चालते, म्हणजे दोन सेकंदांत पंचवीसहून अधिक. त्यातल्या पहिल्या गोळीमागे तुमचा निर्णय असतो, पंचविसाव्या गोळीमागे स्प्रिंग असते. कुरुक्षेत्रावर अर्जुनाने धनुष्य खाली ठेवले आणि पुन्हा उचलले. त्या दोन कृतींच्या मध्ये विवेकाला जागा होती.

कायद्यानेही हीच गोष्ट हेरली आहे. अमेरिकेच्या १९३४ च्या कायद्यात मशीनगनची व्याख्या चापाच्या एका क्रियेत एकाहून अधिक गोळ्या झाडणारे शस्त्र अशी आहे. या एका वाक्यावर नव्वद वर्षांनंतरही तेथे खल चालू आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी लास व्हेगासमध्ये एका माणसाने हॉटेलच्या खिडकीतून संगीताच्या कार्यक्रमाला जमलेल्या गर्दीवर गोळीबार केला. मृतांची संख्या साठवर गेली. त्याने साध्या रायफलींना एक दस्ता जोडला होता. धक्क्याच्या जोरावर बंदूक मागेपुढे होऊन बोटावर चाप आपोआप आदळत राहील, अशी त्या दस्त्याची योजना. सरकारने त्यावर बंदी घातली. १४ जून २०२४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती रद्द केली, कारण प्रत्येक गोळीला चाप नव्याने हलतो, म्हणून ती मशीनगन नव्हे! शब्दाचा कीस काढणे हे न्यायालयाचे कामच आहे. पण साठ कुटुंबांना त्या व्याकरणाने काय दिले, हा प्रश्न उरतोच.

आता त्या तरुणाच्या खऱ्या वेदनेकडे येतो. इंग्रजांनी आपल्याला निःशस्त्र केले, हे शंभर टक्के सत्य आहे. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरानंतर गावोगावची हत्यारे काढून घेण्यात आली, आणि १८७८ साली लॉर्ड लिटनने शस्त्रांचा कायदा आणला. हिंदी माणसाला परवाना हवा, युरोपियनाला सूट! त्याच वर्षी त्याच लिटनने देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप घातले होते. पत्रकार म्हणून मला ही जोडी फार बोलकी वाटते. लेखणीचे कुलूप रिपनच्या कारकिर्दीत चार वर्षांत निघाले, शस्त्रांचे राहिले. लेखणीपेक्षा तलवार समर्थ की कसे, यावर आमच्या व्यवसायात बरेच गोड बोलले जाते. इंग्रजाचे मत काय होते ते यावरून कळते.

या कायद्याविरुद्ध १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने ठराव केला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले पेटीच्या चोरकप्प्यातून धाडली ती याच कायद्याला धाब्यावर बसवून. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांच्या हाती त्यांतलेच एक होते. कलकत्त्यात २६ ऑगस्ट १९१४ रोजी क्रांतिकारकांनी रॉडा कंपनीची पन्नास माउझर पिस्तुले आणि सेहेचाळीस हजार काडतुसे लांबवली. आणि ज्यांना आपण केवळ अहिंसेशी जोडतो त्या गांधीजींनीही १९३० साली व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत, आत्मसंरक्षणासाठी, लोकनियंत्रणाखाली शस्त्रपरवाने द्यावेत, ही मागणी होती. हे पाठ्यपुस्तकात सहसा आढळत नाही. १९३१ च्या कराची ठरावातही नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णु कामथ यांनी घटना समितीत त्याची आठवण करून देत तशी दुरुस्ती मांडली. ती स्वीकारली गेली नाही. शीख बांधवांचे कृपाण तेवढे राज्यघटनेने पंचविसाव्या अनुच्छेदात मान्य केले. कोडगूच्या कोडवांना इंग्रजांनीच दिलेली परवान्यातून सूट मात्र चालू राहिली, आणि केंद्र सरकारने २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली.

परंतु या साऱ्या इतिहासात एक गोष्ट पाहा. मागणी होती ती पिस्तुलाची, तलवारीची, शिकारीच्या बंदुकीची. प्रौढ, सज्जन नागरिकावर राज्याने विश्वास ठेवावा, ही ती मागणी होती. आणि आज आपण पाळतो तो कायदा लिटनचा नाही. स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५९ साली नवा शस्त्र अधिनियम केला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्यात गोऱ्या-काळ्याचा भेद नाही. त्यात भेद आहे तो शस्त्राशस्त्रांत. चापावर दाब दिल्यावर, दाब काढेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटत राहतील, अशी ज्याची रचना आहे ते निषिद्ध शस्त्र. ते केंद्र सरकारच्या विशेष अनुमतीवाचून कोणालाही बाळगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने असे शस्त्र बेकायदा बाळगणाऱ्यास किमान सात आणि कमाल चौदा वर्षे, व बनवणाऱ्यास किमान दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली. ही दुरुस्ती कोणाच्या सरकारने केली, हे आपणांस सांगण्याची गरज नाही.

"पण काका, गुंडांना मिळतेच ना?" असे तो मुलगा म्हणालाच. मिळते. १९९३ च्या आरंभी रायगड किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडी येथे जे उतरले ते आपण भोगले आहे. त्यांतील हत्यारांपैकी एक एके-५६ रायफल घरी ठेवणाऱ्या नामांकित अभिनेत्याने आपल्या कुटुंबाच्या रक्षणाचे कारण पुढे केले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली त्याची शिक्षा कायम करून पाच वर्षांची केली. थॉम्सनच्या जाहिरातीतली रक्षणाची भाषा येथेही होती. आणि शस्त्र राज्याच्या हाती असले म्हणजे सुरक्षित, असेही मी म्हणणार नाही. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी पंतप्रधानांवर ज्याने स्टेनगन रिकामी केली तो त्यांच्याच पहाऱ्यावरचा शिपाई होता. म्हणून तर अशा शस्त्राच्या प्रत्येक नगाची, प्रत्येक काडतुसाची नोंद, आणि ते हाती देण्याआधी माणसाची पारख, या दोन्ही गोष्टी अटळ ठरतात. घरोघरी ते वाटल्यावर ही नोंद कोण ठेवणार? वाढदिवसाचा केक तलवारीने कापून छायाचित्रे मिरवणाऱ्यांवर आपल्या महाराष्ट्रात पोलिसांना गुन्हे दाखल करावे लागतात. त्या हातांत कार्बाइनची कल्पना करून पाहा!

आपल्यापैकी काहींना इस्रायलचे उदाहरण सुचले असेल. उझी ही त्या देशाची, उझिएल गाल या अधिकाऱ्याने रचलेली. पण तेथेही सामान्य नागरिकाला परवाना मिळतो तो पिस्तुलाचा. सीमेवरील वस्त्यांच्या संरक्षक पथकांकडील स्वयंचलित रायफली सैन्याच्या मालकीच्या असतात. स्वित्झर्लंडमध्ये सैनिक आपली रायफल घरी नेतो; सेवा संपल्यावर ती ठेवून घ्यायची तर तिची सलग मारा करण्याची सोय काढून टाकली जाते. शस्त्रसज्ज समाज म्हणून ज्यांचा गौरव आपण करतो त्यांनीही ही रेघ पुसलेली नाही.

मग आपण हात बांधून बसायचे का? मुळीच नाही. आत्मसंरक्षणाचा अधिकार भारतीय न्याय संहितेच्या चौतीस ते चव्वेचाळीस या कलमांत स्पष्ट आहे, आणि त्यासाठी सबमशीनगन लागत नाही. ज्याला खरोखर धोका आहे त्याने परवान्यासाठी रीतसर अर्ज करावा. २०१६ च्या नियमांनुसार पोलिसांनी तीस दिवसांत अहवाल देणे अपेक्षित आहे. तो मिळत नसेल, धनदांडग्याला परवाना आणि आडगावच्या शेतकऱ्याला हेलपाटे असा प्रकार असेल, तर त्यासाठी आपण अवश्य आवाज उठवावा. ज्याला नेमबाजीची ओढ आहे त्याने रायफल क्लबात जावे. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला पन्नास मीटर रायफल तीन प्रकारांत कांस्यपदक मिळवले. त्या प्रकाराच्या पात्रता फेरीत साठ गोळ्या असतात. गुडघ्यावर वीस, पालथे पडून वीस, उभ्याने वीस. तेवढ्या गोळ्या थॉम्सन साडेचार सेकंदांत संपवते. कोणती साधना श्रेष्ठ, ते तुम्हीच ठरवा.

एक विषय मात्र खरोखर आपल्या आस्थेचा आहे. जम्मूच्या डोडा भागात १९९५ पासून ग्रामरक्षण समित्या उभ्या राहिल्या. डोंगरातल्या, पोलीस चौकीपासून तासन्तास दूर असलेल्या वाड्यांना सरकारने .३०३ रायफली दिल्या. दर गोळीला हाताने खटका ओढावा लागतो अशी ती जुनी रायफल. २०२२ साली या योजनेला ग्रामरक्षक असे नवे रूप मिळाले आणि मानधन ठरले, प्रमुखाला महिना साडेचार हजार आणि इतरांना चार हजार. १ जानेवारी २०२३ च्या संध्याकाळी राजौरीच्या ढांगरी गावात दहशतवादी घराघरांत शिरले. तो हल्ला आणि दुसऱ्या दिवशी तेथेच झालेला स्फोट मिळून सात जणांचा बळी गेला. त्यात लहान मुले होती. त्या संध्याकाळी ते आणखी पुढे जाऊ शकले नाहीत, कारण गावातल्या एका माणसाने घरातून .३०३ बाहेर काढली आणि गोळ्या झाडल्या. स्वयंचलित रायफली हाती असलेले अतिरेकी पळाले.

त्यानंतर सरकारने ग्रामरक्षकांना एसएलआर रायफली द्यायला सुरुवात केली आणि केंद्रीय राखीव पोलीस दलाकडून प्रशिक्षण सुरू केले. एसएलआर पुढचे काडतूस आपोआप नळीत घेते, पण चाप ओढावा तेव्हा गोळी एकच सुटते. त्या गावांत पुरेशी काडतुसे पोहोचतात का, वर्षातून किती दिवस सराव होतो, मानधन वेळेवर मिळते का, हे प्रश्न आपल्या खासदारांना पत्राने विचारता येतात. मी ते विचारणार आहे. त्या पत्राचा मसुदा आज घरी गेल्यावर लिहीन. ज्यांना त्यावर सही करायची असेल त्यांनी कार्यक्रमानंतर मला भेटावे. तो तरुण अजून पाठीमागच्या रांगेत बसलेला दिसतो आहे. पहिली सही त्याची घेईन म्हणतो.